अधिवेशनातला हशा, निवडणुकीतली भाकितं

1924 च्या जूनअखेरीस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन सुरू झालं आणि काही केल्या संपेना. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायचा होता. मतदानाच्या प्रत्येक फेरीत राज्यांची नावं वर्णक्रमाने पुकारली जात, त्यामुळे पहिली पाळी अलाबामाची. तिथले गव्हर्नर विल्यम ब्रँडन उभे राहत आणि खणखणीत आवाजात, शब्दन् शब्द ताणून, अलाबामाची 24 मतं ऑस्कर अंडरवुड यांना असल्याचं जाहीर करत. अशा फेऱ्या झाल्या 103. पक्षांची अधिवेशनं रेडिओवरून घराघरांत ऐकू येण्याचं ते पहिलंच वर्ष होतं. तेच वाक्य त्याच सुरात इतक्यांदा कानावर पडलं, की सभागृहातली मंडळी ब्रँडन यांच्याबरोबर ते एका सुरात म्हणू लागली आणि बाहेर साऱ्या देशाला नकलेसाठी आयता विषय मिळाला.

या गमतीमागे एक नियम होता. उमेदवार ठरायला त्या काळी डेमोक्रॅट पक्षात साधं बहुमत पुरत नसे, दोन तृतीयांश मतं लागत. एकूण मतं 1,098, म्हणजे गरज 732 ची. एका बाजूला न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ: कॅथलिक, शहरी, दारूबंदीचे विरोधक. दुसऱ्या बाजूला विल्यम मॅकअडू: ग्रामीण, प्रोटेस्टंट, दारूबंदीवाल्या अमेरिकेचे लाडके. कू क्लक्स क्लान या संघटनेचा नाव घेऊन निषेध करावा की नाही, यावर पक्षाची अक्षरशः दोन शकलं झाली आणि निषेधाचा ठराव एका मताहूनही कमी फरकाने पडला. हा विनोद नाही. काही प्रतिनिधींना तेव्हा अपूर्णांकात मत असे, त्यामुळे असे निकाल लागत. अखेर दोघेही थकले आणि 9 जुलैला जॉन डेव्हिस या तिसऱ्याच गृहस्थाच्या गळ्यात माळ पडली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांना जेमतेम 29 टक्के मतं मिळाली.

अमेरिकेतली पक्षाधिवेशनं आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक यांच्याभोवती विनोदांचं आणि भाकितांचं रान माजतं ते असं. आपल्याकडे ते बातम्यांतून, व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि न्यू जर्सीतल्या भाच्याच्या फोनवरून पोचतं. पण हे रान मुळात उगवलं कशातून आणि आज त्याला खतपाणी कोण घालतं, हे पाहिलं तर त्यातलं मनावर काय घ्यायचं आणि हसून काय सोडून द्यायचं, याचा अंदाज येतो.

निकाल खरोखरच कुणाला ठाऊक नसे

पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरवून उमेदवार निवडण्याची प्रथा अमेरिकेत 1831 साली सुरू झाली आणि तीही एका छोट्या पक्षाने सुरू केली. फ्रीमेसन या गुप्त मंडळींच्या विरोधात निघालेल्या अँटी-मेसॉनिक पक्षाने बाल्टिमोरमध्ये पहिलं अधिवेशन भरवलं. त्याआधी काँग्रेसमधले पक्षाचे सभासद आपापसात बसून नाव ठरवत. अधिवेशनामुळे ही निवड राज्याराज्यांतून आलेल्या प्रतिनिधींच्या हाती गेली आणि तिच्यात अनिश्चितताही शिरली. शेकडो माणसं, डझनभर इच्छुक, एक सभागृह. आत गेल्यावर काय होईल हे खुद्द पुढाऱ्यांनाही सांगता येत नसे.

1844 साली याच बाल्टिमोरमध्ये डेमोक्रॅट पक्षाचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुढे होते. त्यांच्याकडे बहुमत होतं, दोन तृतीयांश मतं नव्हती. नवव्या फेरीत उमेदवारी मिळाली ती आरंभी कुणाच्या यादीतही नसलेल्या जेम्स पोक यांना. हा पोक कोण, असं विचारत विरोधी व्हिग पक्षाने प्रचारभर त्यांची टर उडवली. पोक निवडून आले. त्याच अधिवेशनात उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सायलस राइट यांचं नाव ठरलं. ते होते वॉशिंग्टनमध्ये. मोर्सच्या कोऱ्या करकरीत तारयंत्रावरून त्यांना बातमी गेली आणि त्यावरूनच त्यांचा नकार आला. प्रतिनिधींचा त्या यंत्रावर विश्वास बसेना. खातरजमेसाठी त्यांनी माणसं वॉशिंग्टनला पाठवली. नकार खरा निघाला.

1860 साली शिकागोत रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा पारडं विल्यम सुअर्ड यांचं जड होतं. त्यांचे समर्थक वाजतगाजत मिरवणूक काढण्यात गुंतले असताना लिंकन यांच्या माणसांनी प्रवेशिका बनवून आपले गडी सभागृहात भरले. सुअर्डवाले परतले तेव्हा बसायला जागा नव्हती. आतून लिंकन यांच्या नावाचा जो गजर झाला त्याची ख्याती अजून आहे. तिसऱ्या फेरीत लिंकन उमेदवार झाले. गुलामगिरी संपवणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या वाटचालीत खोट्या प्रवेशिकांचाही वाटा आहे, हे चरित्रकार लपवत नाहीत.

या सगळ्या कथांचा कळस म्हणजे 1920 चं शिकागोचं रिपब्लिकन अधिवेशन. कोंडी फुटेना तेव्हा ब्लॅकस्टोन हॉटेलच्या एका खोलीत काही सिनेटर रात्री जमले, सिगारच्या धुरात खल झाला आणि दहाव्या फेरीत वॉरन हार्डिंग उमेदवार झाले. गंमत अशी, की हार्डिंग यांचे सूत्रधार हॅरी डॉहर्टी यांनी काही महिने आधीच पत्रकारांना सांगून ठेवलं होतं, की शेवटी रात्री दोनच्या सुमाराला दमलेली काही माणसं एका टेबलाभोवती बसून हेच नाव काढतील. इतिहासकार आता म्हणतात की त्या खोलीची महती जरा फुगवलेली आहे, हार्डिंग अनेक प्रतिनिधींची दुसरी पसंती होतेच. पण राजकीय भाकितांच्या इतिहासात डॉहर्टींइतकं नेमकं भाकीत विरळा.

अधिवेशनाचा उत्साहसुद्धा नेहमी आपोआप उसळत असे असं नाही. 1940 मध्ये शिकागोत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या तिसऱ्या उमेदवारीचा विषय निघाला आणि ध्वनिक्षेपकांतून अचानक रूझवेल्ट यांच्या नावाचा घोष सुरू झाला. तो थांबेना आणि आवाज कुठून येतो हे कळेना. नंतर उलगडा झाला: शिकागोच्या गटार खात्याचे अधीक्षक तळघरात मायक्रोफोन घेऊन बसले होते. वृत्तपत्रांनी त्याला गटारातून आलेला आवाज असं नाव दिलं. रूझवेल्ट पहिल्याच फेरीत उमेदवार झाले.

डुकराची उमेदवारी आणि नंतरचं जग

अशा अधिवेशनाचा अंत 1968 साली, पुन्हा शिकागोतच झाला. व्हिएतनाम युद्धाने देश पेटलेला होता. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी या दोघांच्या हत्या त्याच वर्षी झाल्या होत्या. यिप्पी नावाच्या खट्याळ तरुणांच्या गटाने अधिवेशनाच्या तोंडावर पिगॅसस नावाच्या डुकराला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून भर चौकात पुढे केलं. पोलिसांनी यिप्पींना पकडलं, डुकरालाही ताब्यात घेतलं. पुढच्या काही दिवसांत रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या आणि निदर्शकांची रक्ताळलेली डोकी टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिली. आत सभागृहात उमेदवारी मिळाली ती ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी मतदारांसमोर जाऊन एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती. मतदारांचा कौल न घेता पुढाऱ्यांनी उमेदवार ठरवायचा असेल, तर डुक्कर काय वाईट, हा त्या विनोदातला बोचरा प्रश्न होता आणि तो पक्षाला झोंबला.

त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर समितीने डेमोक्रॅट पक्षाचे नियम बदलले. प्रतिनिधी आता राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुकांतून आणि पक्षसभांतून ठरू लागले आणि कुणाला मत द्यायचं हे बहुतेकांचं आधीच बांधलेलं असू लागलं. रिपब्लिकन पक्षातही हीच रीत रुळली. अधिवेशन आता लग्नातल्या अक्षतांसारखं झालं: वधूवर ठरलेले, याद्या झालेल्या, पाहुण्यांनी फक्त वेळेवर टाळ्या वाजवायच्या. 1952 साली अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना तिसऱ्या फेरीत उमेदवारी मिळाली. त्यानंतर दोन्ही मोठ्या पक्षांच्या कुठल्याही अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी दुसरी फेरी घ्यावी लागलेली नाही.

नव्या नियमांचं पहिलं अधिवेशनही हसण्यावारी गेलंच. 1972 मध्ये मायामी बीचला जॉर्ज मॅकगव्हर्न यांची उमेदवारी पक्की होती, मग कंटाळलेल्या प्रतिनिधींनी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानात मजा सुरू केली. टीव्ही मालिकेतलं पात्र आर्ची बंकर आणि चीनचे माओ यांच्या नावानेही मतं पडली. या पोरखेळात वेळ इतका गेला, की मॅकगव्हर्न भाषणाला उभे राहिले तेव्हा पहाटेचे जवळपास तीन वाजले होते आणि देश झोपला होता. ज्यांची निवड झाली त्या टॉमस ईगलटन यांच्यावर पूर्वी मानसोपचार म्हणून विजेचे झटके देण्यात आले होते, हे बाहेर आलं आणि तीन आठवडे व्हायच्या आत उमेदवार बदलावा लागला. डेमोक्रॅट मॅकगव्हर्न फक्त मॅसॅच्युसेट्स राज्य आणि राजधानी वॉशिंग्टन इथे जिंकले.

अनिश्चितता गेली, पण अनिश्चिततेची चव काही गेली नाही. दर चार वर्षांनी, उमेदवारांची गर्दी झाली की, यंदा अधिवेशनात खरी लढत होणार, अशी कुजबुज सुरू होते. 1976 मध्ये ती जवळजवळ खरी ठरली. कॅन्सस सिटीत जेराल्ड फोर्ड यांनी रोनाल्ड रेगन यांना 1,187 विरुद्ध 1,070 मतांनी कसंबसं मागे टाकलं, तरी तेही पहिल्याच फेरीत. 2016 मध्ये ट्रम्प यांना अधिवेशनात रोखणार, असे लेख वसंतभर छापून आले. मे महिन्याच्या सुरुवातीला टेड क्रूझ आणि जॉन केसिक यांनी माघार घेतली आणि लेख विरले.

2024 मध्ये तर नाट्य खरोखरच घडलं. जो बायडेन यांनी 21 जुलैला माघार घेतली, तेव्हा शिकागोच्या अधिवेशनाला महिनाही उरला नव्हता. खुलं अधिवेशन, नव्या इच्छुकांची स्पर्धा, असे अंदाज चोवीस तास रंगले. प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी कमला हॅरिस यांच्यामागे पुरेसे प्रतिनिधी उभे असल्याचं वृत्तसंस्थांनी मोजून सांगितलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानाने उमेदवारी पक्कीही झाली. मग अंदाज करायला उरलं काय? शेवटच्या रात्री गुप्त पाहुणी म्हणून गायिका बियॉन्से येणार! लोक वाट पाहत राहिले. बियॉन्से आली नाही.

आजच्या अधिवेशनात गंमत उरली आहे ती वेशभूषेत आणि राज्यांच्या बढाईत. विस्कॉन्सिनची माणसं चीजच्या तुकड्यासारख्या फोमच्या टोप्या घालून येतात, टेक्ससवाले काउबॉय टोप्या. 2024 च्या जुलैत ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेल्यावर मिलवॉकीतल्या काही रिपब्लिकन प्रतिनिधींनी आपल्याही कानाला पांढऱ्या पट्ट्या लावल्या. मतांची हजेरी घेताना प्रत्येक राज्य आधी आपलं पीक, डोंगर, खेळाडू आणि खाद्यपदार्थ यांचं कौतुक गातं. 2020 साली साथीमुळे हजेरी व्हिडिओवर झाली आणि त्या साऱ्या भाषणांतून लोकांच्या लक्षात राहिली ती ऱ्होड आयलंडची माकुळीची थाळी.

एक मराठी धागाही इथे सापडतो. डेमोक्रॅट पक्षाचा काँग्रेसमधला प्रत्येक सदस्य अधिवेशनाचा आपोआप प्रतिनिधी असतो. या आपोआप प्रतिनिधींवर फार टीका झाल्यामुळे 2018 मध्ये ठरलं, की चुरस असेल तर त्यांनी पहिल्या फेरीत मत द्यायचं नाही. बेळगावात वाढलेले आणि ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकांना ठाऊक असलेले श्री ठाणेदार 2022 साली मिशिगनमधून डेमोक्रॅट म्हणून निवडून आले, तेव्हा ते याच वर्गात दाखल झाले.

भाकितांची जातकुळी

निवडणुकीच्या भाकितांत सगळ्यांत करमणूक करणारी जात शकुनांची. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने निवडणुकीआधीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकला तर सत्ताधारी पक्ष टिकतो, असा एक नियम होता. 1940 ते 2000 पर्यंत तो जुळत गेला, 2004 मध्ये फसला. एका मासिकाने 1992 पासून दोन्ही उमेदवारांच्या पत्नींच्या बिस्किटांची स्पर्धा लावली. जिची कृती वाचकांना आवडली तिचा नवरा जिंकतो, हे बऱ्याचदा खरं ठरलं, पण 2008 आणि 2016 मध्ये चुकलं. 2016 ला तर एका बाजूने कृती बिल क्लिंटन यांची होती. इंडियाना राज्यातला व्हिगो परगणा 1956 पासून 2016 पर्यंत दरवेळी विजेत्याच्या बाजूने उभा राहिला. 2020 मध्ये तोही हुकला.

हे शकुन इतके दिवस जुळतात कसे? 2024 ची निवडणूक अमेरिकेची साठावी. इतक्या थोड्या घटनांशी हजारो सामने, परगणे आणि पाककृती जोडून पाहिल्या तर काही ना काही जुळणारच. जे जुळलं नाही त्याची बातमी कुणी छापत नाही, एवढीच या नियमांची ताकद. इतिहासाचे प्राध्यापक अ‍ॅलन लिक्टमन यांनी भूकंपतज्ज्ञ केलिस-बोरोक यांच्याबरोबर बसवलेल्या 13 कसोट्या याहून विचारपूर्वक केलेल्या होत्या आणि त्यांचा लौकिकही मोठा होता. 2024 मध्ये त्यांनी हॅरिस जिंकतील असं सांगितलं आणि त्यांचं गणित चुकलं.

दुसरी जात जनमत चाचण्यांची. 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या आणि रिपब्लिकन आल्फ्रेड लँडन सहज जिंकतील असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात तेव्हाच्या 48 राज्यांपैकी लँडन यांना मेन आणि व्हर्मॉन्ट ही दोनच मिळाली. जसा मेनचा कौल तसा देशाचा, अशी तोवर म्हणच होती. रूझवेल्ट यांचे प्रचारप्रमुख जेम्स फार्ली यांनी ती बदलून, जसा मेनचा कौल तसा व्हर्मॉन्टचा, अशी केली. चूक कुठे झाली? पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेले, म्हणजे मंदीतही खिसा गरम असलेल्यांचे. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेतली ती रूझवेल्टवर चिडलेल्यांनी जास्त. जॉर्ज गॅलप यांनी फार छोटा, पण समाजाच्या प्रमाणात निवडलेला नमुना घेऊन निकाल बरोबर सांगितलाच. ‘डायजेस्ट’ किती चुकेल, हेही आधी सांगून ठेवलं. दोन वर्षांत ‘डायजेस्ट’ बंद पडलं.

मात्र 1948 मध्ये गॅलपही तोंडावर आपटले. फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात हॅरी ट्रुमन यांना पहाटे दोनच्या सुमाराला भाषणाची संधी मिळाली. त्यात शांततेचं प्रतीक म्हणून सोडलेली कबुतरं सभागृहभर उधळली. या माणसाचं काही खरं नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. ‘न्यूजवीक’ने 50 राजकीय लेखकांना विचारलं, पन्नासही जणांनी टॉमस ड्युई यांचं नाव घेतलं. चाचण्या घेणारे एल्मो रोपर यांनी तर सप्टेंबरमध्येच नव्या चाचण्यांची गरज उरली नसल्याचं जाहीर केलं. मुद्रकांच्या संपामुळे ‘शिकागो ट्रिब्यून’ला अंक लवकर छापावा लागला आणि ते ड्युईंच्या विजयाचा मथळा छापून मोकळं झालं. तो अंक उंचावून हसणाऱ्या विजयी ट्रुमन यांचं छायाचित्र आजही प्रत्येक चाचणीवाल्याला टोचतं. चाचणी बरोबर असली तरी ती त्या दिवसापुरती असते आणि लोक नंतरही मन बदलतात, हा धडा तिथे मिळाला.

तिसरी जात पैशाची. गॅलप येण्याआधी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर निवडणुकीचा सट्टा उघडपणे चाले आणि वृत्तपत्रं त्याचे भाव छापत. पॉल ऱ्होड आणि कोलमन स्ट्रम्फ या अर्थशास्त्रज्ञांनी ते भाव गोळा केले, तेव्हा दिसलं की 1884 ते 1940 या काळात ऑक्टोबरच्या मध्याला ज्याचं पारडं स्पष्टपणे जड होतं तो फक्त एकदा, 1916 मध्ये, हरला. ज्यांच्याजवळ पैसे नसत ते अब्रू लावत: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला हातगाडीत बसवून गावभर ढकलायचं, नाहीतर नाकाने शेंगदाणा रस्त्यावरून लोटत न्यायचा. ही परंपरा मेलेली नाही. ट्रम्प यांना 240 हून जास्त निर्वाचक मतं मिळाली तर किडा खाईन, असं म्हणणारे प्रिन्स्टनचे प्राध्यापक सॅम वाँग यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये टीव्हीवर खरोखरच रातकिडा खाल्ला. ट्रम्प उमेदवार होणं शक्य नाही असं लिहिणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या डॅना मिलबँक यांनी आपला स्तंभ छापील कागदासह पोटात घातला.

आयोवा विद्यापीठाने 1988 पासून अभ्यासासाठी छोट्या रकमांचा असा बाजार चालवला. 2024 मध्ये पॉलिमार्केट आणि कॅल्शी यांसारख्या कंपन्यांमुळे तो प्रचंड फुगला. एका फ्रेंच माणसाने ट्रम्प यांच्यावर मोठ्या रकमा लावून अमाप पैसा मिळवला. त्याने स्वतः चाचणी करवून घेतली होती आणि तिच्यात प्रश्न होता: तुमचे शेजारी कुणाला मत देतील? स्वतःचं मत सांगायला लाजणारा माणूस शेजाऱ्याचं मोकळेपणी सांगतो, हे त्याचं गणित होतं.

चौथी जात आकडेमोडीच्या कल्पनाविलासाची. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या निर्वाचक मतांवर. ती एकूण 538, विजयासाठी 270. मग 269-269 अशी बरोबरी झाली तर? दर निवडणुकीला कुणीतरी राज्यांची अशी जुळणी करून दाखवतंच. उत्तर राज्यघटनेत आहे: प्रतिनिधिगृह निवड करतं आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, मग ते कॅलिफोर्निया असो की वायोमिंग. 1824 च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नव्हतं, तेव्हा याच मार्गाने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले, तेही अँड्र्यू जॅक्सन यांना जास्त मतं असताना. हा कल्पनाविलास हास्यास्पद वाटला तरी त्याला घटनेचा आधार आहे.

कुणाच्या विनोदाने कुणाचं काय होतं

विनोदाने निवडणूक फिरते का? याची नोंद पाहिली तर चेष्टा करणाऱ्याने जपूनच राहावं. 1840 मध्ये व्हिग उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन यांच्याविषयी डेमोक्रॅटांच्या बाजूच्या एका वृत्तपत्राने खवचटपणे लिहिलं, की म्हाताऱ्याला सफरचंदाच्या दारूचं पिंप आणि थोडं पेन्शन द्या, तो लाकडी खोपटात खुशाल बसून राहील. व्हिग पक्षाने ते पिंप आणि ते खोपट हेच आपलं निशाण केलं, मिरवणुकीत मिरवलं आणि मोठ्या फरकाने निवडणूक जिंकली. 2015 च्या जुलैत ‘हफिंग्टन पोस्ट’ने ट्रम्प यांच्या बातम्या राजकारणाऐवजी मनोरंजनाच्या पानावर टाकायचं ठरवलं. डिसेंबरात त्यांना त्या परत राजकारणात घ्याव्या लागल्या. सुशिक्षितांनी ज्याला हसण्यावारी नेलं त्याच्या बाजूने, हसलं गेल्याची चीड असलेले मतदार उभे राहतात, हे दोन्ही वेळी दिसलं.

विनोदाचा दुसरा धोका असा, की तो बघता बघता साक्ष बनतो. अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांनी 2008 मध्ये, उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार असताना, आपल्या घरातून रशिया दिसतो असं म्हटलं, हे अनेकांना आजही पक्कं ठाऊक असतं. ते वाक्य पेलिन यांची नक्कल करणाऱ्या टीना फे यांचं होतं. पेलिन मुलाखतीत म्हणाल्या होत्या ते एवढंच, की अलास्काच्या भूमीवरून रशिया दिसतो. आणि ते भूगोलाला धरून होतं.

विदूषकाने स्वतःच उमेदवार होण्याचीही तिथे जुनी रीत आहे. विल रॉजर्स 1928 मध्ये एका विनोदी साप्ताहिकाच्या पक्षातर्फे उभे राहिले. निवडून आलो तर राजीनामा देईन, हे त्यांचं एकमेव वचन. 1932 च्या डेमोक्रॅट अधिवेशनात ओक्लाहोमाची 22 मतं खरोखरच त्यांच्या नावावर पडली. 1940 मध्ये ग्रेसी अ‍ॅलन यांनी सरप्राइज पार्टी काढली, कांगारू हे तिचं चिन्ह ठरवलं आणि ओमाहा शहरात लुटुपुटूचं अधिवेशनही भरवलं. 2007 मध्ये स्टीव्हन कोल्बेर यांनी साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅट पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीसाठी अर्ज केला, तेव्हा मात्र पक्षाच्या कार्यकारिणीने तो फेटाळला. बावीस मतांचा मान रॉजर्सना मिळाला आणि कोल्बेर यांना दारातूनच परत पाठवलं, यावरून अधिवेशनाचा स्वभाव किती बदलला हे कळतं.

सगळ्यांत उपयोगी पडतो तो स्वतःवर केलेला विनोद. 1924 मध्ये अडकून पडलेल्या त्या अल स्मिथ यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये दर ऑक्टोबरात कॅथलिक धर्मादायासाठी भोजन होतं. 1960 साली जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन तिथे एकत्र आले आणि तेव्हापासून बहुतेक निवडणुकांत प्रतिस्पर्धी उमेदवार एका टेबलावर बसून एकमेकांची आणि स्वतःची चेष्टा करतात. 1984 च्या वादविवादात रेगन यांना वयाबद्दल विचारलं गेलं. ते 73 वर्षांचे होते. प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मुद्दा आपण प्रचारात आणणार नाही, असं त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल स्वतः हसले आणि वयाचा प्रश्न तिथेच निवला. 1988 च्या अधिवेशनात बिल क्लिंटन इतका वेळ बोलले, की आता समारोप करतो हे शब्द आल्यावर सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. काही दिवसांनी ते जॉनी कार्सन यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गेले. कार्सन यांनी टेबलावर वाळूचं घड्याळ ठेवलं. क्लिंटन हसले, सॅक्सोफोन वाजवला आणि चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाले.

आपण काय पाहावं

भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदान चालू असताना मतदानोत्तर चाचण्यांवर बंदी असते. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे वाहिन्या आपल्याच शिस्तीवर चालतात आणि ती सुटली की काय होतं, हे 2000 च्या निवडणुकीच्या रात्री दिसलं. फ्लोरिडा राज्य आधी डेमोक्रॅट अल गोर यांना दिलं, परत घेतलं, मग रिपब्लिकन जॉर्ज बुश यांना दिलं, तेही परत घेतलं. अंतिम फरक निघाला 537 मतांचा. म्हणून तिकडची निवडणूक इथून पाहणाऱ्याला गाळणी स्वतःच लावावी लागते.

पहिली गाळणी प्रतिनिधींच्या संख्येची. 2024 मध्ये रिपब्लिकन अधिवेशनात 2,429 प्रतिनिधी होते, बहुमत 1,215 चं. ट्रम्प यांनी तो आकडा 12 मार्चलाच ओलांडला होता. जुलैत काय होईल याची चर्चा त्यानंतर करमणुकीपुरतीच होती. दुसरी गाळणी राज्यांची: देशभरातली टक्केवारी कितीही आकर्षक असली तरी निकाल 270 वर लागतो. 2000 आणि 2016 मध्ये देशभरात जास्त मतं मिळवणारा उमेदवार हरला. तिसरी गाळणी भाकीत करणाऱ्याची: त्याने पैसे लावलेत, तो प्रेक्षक मिळवतोय, की नमुना कसा निवडला हे उघड सांगतोय? तिसऱ्या प्रकारच्या माणसाकडे थोडं जास्त लक्ष द्यावं.

पुढची अधिवेशनं 2028 मध्ये आहेत. अधिवेशन खुलं राहणार, ही बातमी तेव्हाही येईल. विनोद आले तर मनसोक्त हसावं आणि खुशाल पुढे पाठवावेत. भाकीत मात्र, त्यामागचा प्रतिनिधींचा आणि राज्यांचा हिशेब डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.